कुणाला म्हणता वोक?

मराठी वादात ‘वोक’ हा शब्द सध्या दगडासारखा भिरकावला जातो. आडनाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं, असं कुणी सांगितलं की तो वोक. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, याची कुणी आठवण दिली की तोही वोक. दहा माणसांच्या कचेरीतसुद्धा लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असावी लागते, हेही त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्यात लिहिलंय. ते एखाद्या बाईने विचारलं की तीही वोक. तिघांनीही काहीतरी माहिती सांगितली होती. उत्तरात माहिती कुणीच दिली नाही.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने २०१७ साली या शब्दाच्या नव्या वापराची नोंद घेतली, तेव्हा आधीचा अर्थ दिला तो असा: चांगली माहिती असलेला, अद्ययावत. वंशभेद आणि सामाजिक अन्यायाबद्दल सावध असलेला, हा अर्थ त्यानंतरचा. माणसाला माहिती असणं, तीही ताजी असणं, ही शिवी कशी झाली आणि कुणी केली, ते आज पाहू.

स्पर्धा परीक्षेची मुलं इंग्रजी समानार्थी शब्दांचे तक्ते पाठ करतात. वेल-इन्फॉर्म्ड, अप-टू-डेट, अब्रेस्ट, ओ फे, ओ कूरां, इन द नो, इन द लूप. तक्त्यात सगळे एका ओळीत बसतात आणि मुलांना वाटतं, कुठलाही उचलला तरी चालेल. पण प्रत्येक शब्दाच्या मागे कुणीतरी माणूस उभा आहे. अब्रेस्टच्या मागे एका रेषेत शेजारी-शेजारी चालणारी जहाजं आणि सैन्याच्या रांगा. अप-टू-डेट बहुधा जमाखर्चाच्या वह्यांतून आला. ओ फे आणि ओ कूरां हे फ्रेंच येणाऱ्या दिवाणखान्यातले. इन द लूप सत्तेच्या दालनातला. इराण-कॉन्ट्रा प्रकरण उघड झालं तेव्हा अमेरिकेचे उपाध्यक्ष असलेले थोरले बुश यांनी आपण त्या लूपमध्ये नव्हतो, असाच बचाव केला होता. माहीत असणं हा अधिकार आणि अडचण आली की माहीत नसणं ही सोय, अशी दुहेरी चैन मोठ्या खुर्चीतल्या माणसालाच परवडते.

या सगळ्या शब्दांतला माणूस आतला आहे. त्याच्याकडे बातमी चालत येते. वोक मात्र ज्यांना आत येऊच दिलं नाही त्यांनी घडवला, आणि त्यांना माहिती नसण्याची किंमत जिवाने मोजावी लागत होती.

२५ मार्च १९३१. महामंदीचे दिवस. काम शोधत, मालगाडीवर चोरून बसून या गावाहून त्या गावाला जाणारी पोरं तेव्हा अमेरिकेत हजारोंनी होती. टेनेसीतल्या चॅटनूगाहून निघालेल्या अशा एका गाडीवर गोऱ्या आणि काळ्या पोरांची मारामारी झाली. गोऱ्यांना गाडीवरून ढकलून दिलं गेलं, त्यांनी जाऊन तक्रार केली, आणि पुढे अलाबामातल्या पेंट रॉक इथे हत्यारबंद जमावाने गाडी अडवली. नऊ काळी पोरं पकडली गेली. सगळी विशीच्या आतबाहेरची, धाकटा तर जेमतेम तेरा वर्षांचा. त्याच गाडीवर दोन गोऱ्या तरुणी सापडल्या. मारामारीचा आरोप बघता बघता बलात्काराचा झाला.

स्कॉट्सबरो या गावात ६ एप्रिलला खटले उभे राहिले आणि ९ एप्रिलला आटोपले. आठ जणांना मृत्युदंड. बचावाला धड वकील नाही. ज्युरीत एकही काळा माणूस नाही. १९३३ साली त्या दोघींपैकी एक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि असं काही घडलंच नव्हतं, असं शपथेवर म्हणाली. ज्युरीने तरीही दोषीच ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाला १९३२ आणि १९३५ साली, दोनदा मध्ये पडावं लागलं. एकदा धड वकील न दिल्याबद्दल, दुसऱ्यांदा ज्युरीतून काळ्यांना वगळल्याबद्दल. फाशी कुणाला झाली नाही, पण कोवळी वर्षं तुरुंगात गेली. शेवटच्या तिघांच्या नावावरचा डाग अलाबामा राज्याने माफी देऊन पुसला तो २०१३ साली. तेव्हा त्या नऊ जणांपैकी कुणीही जिवंत नव्हतं.

या प्रकरणावर लेड बेली नावाच्या गायकाने गाणं केलं. खरं नाव ह्यूडी लेडबेटर, लुइझियानाचा, बारा तारांची गिटार वाजवणारा आणि स्वतः तुरुंग भोगून आलेला. १९३८ च्या ध्वनिमुद्रणात गाणं झाल्यावर तो थोडं बोलतो. अलाबामातून जाणाऱ्या आपल्या माणसांना बजावतो की सांभाळून जा, डोळे उघडे ठेवा. आणि तिथे हा शब्द येतो: वोक राहा. या वापराचा ध्वनिमुद्रित झालेला हा एक फार जुना दाखला.

त्यात मिरवण्यासारखं काय आहे, सांगा. ज्या राज्यात तुमच्या विरुद्ध उच्चारलेला शब्द पुरावा ठरतो आणि तुमच्या बाजूची शपथ कागदाचा कपटा ठरते, त्या राज्यातून पोर प्रवासाला निघालंय. त्याला काय काय माहीत असलं पाहिजे? शेरीफ कोण आहे, कुठल्या स्टेशनावर उतरायचं नाही, कुठल्या गावात सूर्य मावळल्यावर थांबायचं नाही. अशी गावं खरोखरच होती. काहींच्या वेशीवर पाटी असायची की काळ्यांनी सूर्यास्तापूर्वी निघून जावं. ही माहिती कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते, कुठल्याही सरकारी नकाशावर छापलेली नव्हती. ती आपणच गोळा करायची, तपासायची आणि पुढच्याला सांगायची.

ते काम किती नेटाने झालं, त्याचा पुरावा छापील आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या, टपाल खात्यात पत्रं वाटणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ साली एक पुस्तिका काढली, ‘द निग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक’. काळ्या प्रवाशाला कुठे जेवायला मिळेल, कुठे झोपायला मिळेल, कुठे गाडीत पेट्रोल भरून देतील, कुठला न्हावी केस कापेल, याची गावागणिक यादी. सुरुवातीला न्यूयॉर्क आणि आसपासचा परिसर, मग सगळा देश. महायुद्धाचा खंड सोडला तर वर्षामागून वर्ष नवी आवृत्ती, कारण गेल्या वर्षी दार उघडणारा यंदा उघडेलच याची खात्री नव्हती. वाचकांना सांगितलेलं असायचं, तुमच्या माहितीतली ठिकाणं कळवा. टपाल खात्यातल्या ओळखीही ग्रीन यांच्या कामी आल्या. आणि याच पुस्तिकेत आशा छापलेली असायची की एक दिवस ही छापायची गरजच उरणार नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला आणि १९६६-६७ च्या आवृत्तीनंतर ती बंद झाली. अद्ययावत असणं म्हणजे काय, हे शिकवायला मला याहून चांगलं पुस्तक माहीत नाही.

त्याच्याही आधीचं उदाहरण ‘शिकागो डिफेंडर’चं. रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ साली सुरू केलेलं हे काळ्यांचं वर्तमानपत्र. उत्तरेत छापलेला हा अंक दक्षिणेत पोचायचा तो पुलमन गाड्यांवरच्या काळ्या पोर्टरांच्या हातून. गोऱ्या प्रवाशांच्या गाद्या घालणारे, बॅगा उचलणारे हे नोकर अंकांचे गठ्ठे नेऊन पोचवत. दक्षिणेत काही ठिकाणी तो जप्त व्हायचा, बाळगणाऱ्याला मार पडायचा. एक अंक हातोहात फिरे, वाचता न येणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला जाई. उत्तरेत मजुरी किती मिळते, गाडी कधी सुटते, कुठल्या गावी कुणाला झाडाला लटकवलं, हे सगळं त्यात असे. लाखो माणसं दक्षिण सोडून उत्तरेला गेली, त्या स्थलांतराला या वर्तमानपत्राने बळ दिलं. वाचणारा माणूस जागचा हलतो, हे मळ्यांच्या मालकांना नेमकं कळलं होतं. म्हणून तर ते अंक जप्त होत होते.

लेड बेलीने गाणं ध्वनिमुद्रित केलं त्याच १९३८ साली कॅब कॅलोवे या वाद्यवृंदाच्या म्होरक्याने हार्लेममधल्या काळ्या वादकांच्या बोलीचा छोटा कोश काढला. त्यात ‘हेपकॅट’ म्हणजे सगळं कळणारा, जाणता. कॅलोवे ज्या कॉटन क्लबमुळे गाजला, तिथे रंगमंचावर काळे आणि टेबलांवर बसणारे गोरे. गाणाऱ्याच्या नात्यातल्या माणसालाही समोर बसायची सोय नव्हती. बोली मात्र टेबलावरच्या मंडळींना हवी होती. हेपच्या जागी हिप रुळलं, हिपचं पुढे हिप्पी झालं, आणि शब्द घडवणाऱ्यांचं नाव वाटेत गळालं.

हे असंच घडत राहणार, हे विल्यम मेल्विन केली या तरुण काळ्या कादंबरीकाराने १९६२ साली ओळखलं होतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याने लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यातच वोक हा शब्द होता. म्हणणं असं: काळ्यांची बोली गोरे लोक उचलतात, आणि ती उचलली गेली की काळे ती टाकून देतात, नवी घडवतात. तेव्हा लक्ष्य होते बीटनिक म्हणवले जाणारे बंडखोर गोरे तरुण. शब्द उचलायचा, त्याच्यामागची भीती उचलायची नाही, हा त्यांचा धंदा.

वोकच्या बाबतीत ते व्हायला आणखी अर्धं शतक लागलं. २००८ साली एरिका बाडूच्या गाण्यातून तो पुन्हा ओठांवर आला. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसूरीतल्या फर्ग्युसन इथे पोलिसाच्या गोळीने अठरा वर्षांचा मायकल ब्राउन गेला, आणि रस्त्यावर उतरलेल्या पोरांनी एकमेकांना तोच शब्द दिला. अर्थ अगदी लेड बेलीचा. डोळे उघडे ठेवा, पोलीस काय करतात ते पाहा, मोबाइलवर टिपा, इतरांना कळवा. त्यानंतर तो कपड्यांवर आला, जाहिरातीत आला, कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गात आला. आणि तिथून शिवी व्हायला वेळ लागला नाही. २०२२ मध्ये फ्लोरिडा राज्याने वंशभेदाबद्दल शाळेत आणि कचेरीत काय शिकवता येईल यावर बंधनं घालणारा कायदा केला. त्याच्या लोकप्रिय नावातच ‘स्टॉप वोक’ आहे. १९३८ मध्ये ज्या राज्याबद्दल सावध राहायला सांगितलं होतं, त्या अलाबामाला अगदी लागून असलेलं हे राज्य.

मग तो आपल्याकडे आला. नागपूरच्या विजयादशमीच्या भाषणात २०२३ साली सरसंघचालकांनी हा शब्द वापरला आणि गावोगावच्या बोलणाऱ्यांना तो आयता मिळाला. स्कॉट्सबरो ऐकलेलं नाही, ग्रीन बुक पाहिलेलं नाही, पण शब्द तोंडात तयार. याला मी अडाणीपणा म्हणत नाही. अडाणी माणूस विचारतो. ज्याला समोरच्याचं ऐकायचंच नाही, त्याची ही युक्ती आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडेही वळायला हवं. हा शब्द बिल्ल्यासारखा लावणारेही मराठीत आहेत. मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली तेव्हा त्यांनी आपल्या खात्यांवर काळे चौकोन लावले. ते चूक नव्हतं. पण त्यांना खैरलांजीबद्दल विचारा. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. बातमी मोठ्या वर्तमानपत्रांत नीट यायला आठवडे गेले. मधल्या काळात ती पोचवली आंबेडकरी कार्यकर्त्यांनी. ते गावात गेले, माणसांशी बोलले, सत्यशोधनाचे अहवाल लिहिले. २००८ साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. मिनियापोलिसच्या पोलिसाचं नाव ज्याला पाठ आहे, त्याला हे माहीत नसेल तर त्याच्या जागेपणाला अर्थ काय? ज्या गोष्टीत आपल्याला काही करता येतं, तिथलीच माहिती ज्याच्याकडे नाही, त्याने हा बिल्ला उतरवून ठेवावा.

आपल्याला तर हा धागा परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण करून. पुण्यात बसलेल्या त्या माणसाला हजारो मैलांवरच्या युद्धाचा आणि त्यातून सुटलेल्या माणसांचा ठावठिकाणा होता, आणि त्या माहितीचा इथे काय उपयोग करायचा हेही कळत होतं. डॉ. आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढलं, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’. १९५६ मध्ये त्याच ‘जनता’चं नाव बदलून ‘प्रबुद्ध भारत’ केलं. प्रबुद्ध म्हणजे जागा झालेला. वोक या शब्दाशी अर्थाने इतकं जुळणारं नाव मुंबईच्या साप्ताहिकाने स्वतःच्या वाटेने शोधलं होतं. पैसे नसताना, जाहिराती मिळत नसताना, एकामागून एक पत्रं बंद पडत असताना या माणसाने पुन्हा पुन्हा छापखाना गाठला, कारण आपल्या लोकांपर्यंत त्यांच्याच बाजूने बातमी पोचवणारं दुसरं कुणी नव्हतं. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी दलित पँथर काढली, ती ऑकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. ढसाळ, ढाले, पवार यांच्या पिढीला तिकडे काय चाललंय याची खबर होती.

तेव्हा वोक म्हणून कुणी अंगावर आलं तर त्याला विचारा, मी सांगितलेल्यातली कुठली गोष्ट चूक आहे? कलम चुकलं का? तारीख चुकली का? गावाचं नाव चुकलं का? चुकलं असेल तर दुरुस्त करायला लावा आणि स्वतःही दुरुस्त व्हा. ग्रीन बुकही दर वर्षी दुरुस्त होत होतं. काहीच चुकलं नसेल, तर त्याच्याजवळ त्या एका शब्दापलीकडे काही नाही, हे चारचौघांत दिसू द्या.

आणि हे काम कसं करायचं याचा नमुना हवा असेल तर १९४६ चा पत्रव्यवहार पाहा. नॅशनल निग्रो काँग्रेस या संघटनेने अमेरिकेतल्या काळ्यांच्या स्थितीबद्दल संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं डॉ. आंबेडकरांना समजलं. अस्पृश्यांच्या बाबतीत तसं काही करावं, हा विचार त्यांच्या मनात होता. त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या. जुलैअखेर उत्तर आलं. ड्यू बॉइस यांनी अर्जाची प्रत सोबत जोडली होती. शिवाय कळवलं होतं की आपली संघटना याहून विस्तृत, पुराव्यांनिशी निवेदन देण्याच्या विचारात आहे, ते झालं तर त्याचीही प्रत पाठवू. ते निवेदन ऑक्टोबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे गेलं.